मूत्रसंस्थेच्या कॅन्सरची ट्रायल: सही करण्याआधी कोकणातल्या माणसाने काय विचारावे

परळला टाटामध्ये किंवा खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये दाखवायला गेलेल्या रुग्णाच्या हातात कधीकधी रिपोर्टांबरोबर वीस-पंचवीस पानांचा एक गठ्ठा पडतो आणि डॉक्टर सांगतात, "तुम्ही आमच्या एका ट्रायलमध्ये बसताय, घरी बोलून कळवा." रात्रीची गाडी सकाळी कणकवलीला पोचेपर्यंत त्या गठ्ठ्याचे दोन अर्थ लागलेले असतात. मुंबईचा चाकरमानी भाचा म्हणतो, परदेशी औषध फुकट मिळतंय, घेऊन टाका. वाडीतला शेजारी म्हणतो, तुमच्यावर प्रयोग करतायत, पडू नका त्यात. दोघांचंही अर्धंच खरं आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनाही पक्कं ठाऊक नाही, ते नियमांच्या चौकटीत आणि रुग्णाच्या संमतीने शोधायचं, याला ट्रायल म्हणतात. म्हणून गठ्ठा हातात आला की आधी तो प्रश्न शोधा. औषधाचं नाव नंतर बघता येईल.

या गटात किडनी, मूत्रवाहिनी, लघवीची पिशवी, प्रोस्टेट, अंडकोष आणि लिंग यांचे कॅन्सर येतात. दवाखान्यात विभाग एकच असला तरी यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. अंडकोषाचा कॅन्सर तरुणांना होतो आणि पसरलेला असला तरी सिस्प्लॅटिन असलेल्या केमोने बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. प्रोस्टेटचा उतारवयात होतो आणि कित्येकदा वर्षानुवर्षं शांत राहतो. किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरवर साधी केमो जवळजवळ चालतच नाही. तेव्हा "आमच्या मामांनाही लघवीच्या जागेचाच होता, त्यांना ट्रायल लागू पडली" या ऐकीव माहितीवर काहीही ठरवू नका.

प्रश्न कसले असतात

सगळ्या ट्रायल नव्या औषधाच्या नसतात. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या ट्रायलने विचारलं, की प्रोस्टेटपुरताच असलेला कॅन्सर सापडला तर नुसती नजर ठेवावी, ऑपरेशन करावं की रेडिएशन द्यावं? १,६४३ पुरुष सहभागी झाले. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब आला, तेव्हा तिन्ही गटांतले सुमारे ९७ टक्के पुरुष प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावले नव्हते. नजर ठेवलेल्यांत रोग पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, पण मृत्यूंत म्हणावा असा फरक नव्हता. कार्मेना या ट्रायलचा प्रश्न वेगळा होता. किडनीचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेला असताना आधी किडनी काढलीच पाहिजे का? २०१८ मध्ये उत्तर आलं, की अशा बऱ्याच रुग्णांत नुसत्या सुनिटिनिबच्या गोळ्या कमी पडत नाहीत. या ट्रायलने एक मोठं ऑपरेशन कित्येकांचं वाचवलं.

उलटा निकालही लागतो. व्हिटॅमिन ई घेतल्याने प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल, अशी आशा होती. सिलेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये ३५,००० हून अधिक पुरुषांवर ती तपासली. २०११ च्या निकालात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. 'जीवनसत्त्वच आहे, घेतलं तर काय बिघडतं' हे वाक्य त्यानंतर तरी बंद व्हायला हवं होतं. झालेलं नाही.

आपल्याला सगळ्यात जवळची उदाहरणं टाटामधलीच आहेत. पॉप-आरटी या ट्रायलमध्ये धोका जास्त असलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त प्रोस्टेटला रेडिएशन दिलं आणि निम्म्यांना ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही दिलं. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ९५ टक्के रुग्णांचा पीएसए, म्हणजे रोगाची चाहूल देणारा रक्तातला आकडा, पुन्हा चढलेला नव्हता, पहिल्या गटात हे प्रमाण ८१ टक्के होतं. मात्र दुसऱ्या गटात लघवीचे उशिरा दिसणारे त्रास जास्त होते आणि तोवर एकूण आयुष्यात फरक दिसला नव्हता. ट्रायलचा निकाल वाचताना नेमकं काय मोजलंय ते बघायचं, ते यासाठी. पीएसए न चढणं, स्कॅनमध्ये रोग न वाढणं आणि माणूस जास्त जगणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी ट्रायल प्राइम. तिचा प्रश्न असा, की प्रोस्टेटचं रेडिएशन २५ बैठकींऐवजी ५ बैठकींत दिलं तर चालेल का? मुंबईत राहणाऱ्याला हा फरक सोयीचा वाटेल. देवगड किंवा गुहागरच्या माणसासाठी मात्र पाच आठवडे मुंबईत खोली घेऊन राहायचं की आठ-दहा दिवसांत घरी यायचं, असा तो प्रश्न आहे. रेडिएशनच्या अशा ट्रायलबद्दल आपल्याकडे कोणी फार बोलत नाही, सगळ्यांना गोळीत रस. माझ्या मते लांबून येणाऱ्याने आधी याच विचारून घ्याव्यात.

टप्पे आणि चिठ्ठी

पहिल्या टप्प्यात औषधाचा किती डोस सोसतो ते बघतात, साधारण वीस ते ऐंशी माणसांत. दुसऱ्यात रोगावर परिणाम दिसतो का ते बघतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांत ते चालू उपचारांशी ताडून बघतात. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. तुमच्या कागदावर टप्पा कितवा ते सहसा पहिल्या पानावरच असतं. पहिल्या टप्प्यातल्या ट्रायलकडून बरं होण्याची अपेक्षा धरून जाऊ नये, आणि डॉक्टर तशी आशा लावत असतील तर पुन्हा विचारावं. छोट्या ट्रायली निरुपयोगी असतात असंही नाही. लघवीच्या पिशवीत बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, सोडायच्या उपचाराचा पहिला अहवाल १९७६ मध्ये जेमतेम नऊ रुग्णांवरचा होता. आज वरवरच्या पण धोका जास्त असलेल्या कॅन्सरवर तोच नेहमीचा उपचार आहे.

तिसऱ्या टप्प्यात कोणत्या गटात जायचं ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. तुमच्या डॉक्टरांच्या हातात ते नसतं, आमदाराच्या फोनने ते बदलत नाही. कारण सरळ आहे. डॉक्टरांनी निवडलं तर धडधाकट रुग्ण नव्या औषधाकडे जातील, थकलेले जुन्याकडे, आणि नवं औषध उगाच चांगलं दिसेल. म्हणून सही करण्याआधीचा सगळ्यात कामाचा प्रश्न असा: "मी दुसऱ्या गटात गेलो तर मला काय मिळेल?" त्या गटाचा उपचार ट्रायलबाहेर मिळणाऱ्या चांगल्या उपचाराइतका असेल तर फारसं गमावण्यासारखं नाही. तो मागे पडलेला असेल तर मात्र थांबून विचार करा. हे घडतं. पसरलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये वर्षानुवर्षं प्लॅटिनमवर आधारलेली केमो हाच पहिला उपचार होता. २०२३ मध्ये एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांच्या जोडीने सरासरी आयुष्य १६ महिन्यांवरून ३१ महिन्यांपुढे नेलं, आणि त्याआधी आखलेल्या ट्रायलींचे 'दुसरे गट' एका फटक्यात जुने झाले. ती जोडी आपल्याकडे किती जणांना परवडते हा वेगळा मुद्दा, पण विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे.

प्लासेबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, या शब्दाने लोक घाबरतात. कॅन्सरमध्ये ती सहसा नेहमीच्या उपचाराच्या जोडीला देतात, उपचार काढून घेऊन नाही. तरीही कागदात ते स्पष्ट लिहिलंय का, ते बघाच.

माणूस बसत का नाही

बरेच जण सही करतात, तपासण्या देतात आणि मग कळतं की बसत नाही. याची कारणं बहुधा गावातच तयार झालेली असतात.

लघवीतून रक्त आलं, दुर्बिणीने गाठ खरवडली, रिपोर्टात 'कॅन्सर' आला, पण तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू होता की नव्हता याचा उल्लेखच नाही. स्नायूत रोग गेला आहे की नाही यावरच पुढचा सगळा उपचार ठरतो, त्यामुळे पुन्हा खरवडावं लागतं आणि महिना जातो. बायोप्सी चिपळूणला झालेली असो, कोल्हापूरला की गोव्यात बांबोळीला, लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक दोन्ही मागून घ्या. नुसत्या रिपोर्टावर ट्रायलमध्ये घेत नाहीत.

दुसरं कारण किडनीचं. सिस्प्लॅटिन द्यायला किडनीची गाळण्याची क्षमता साधारण मिनिटाला ६० मिलिलिटरच्या वर लागते, आणि ती नुसत्या क्रिएटिनिनवरून कळत नाही. १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा आणि आलेल्या आकड्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. ६८ वर्षांचा, ५२ किलोचा, क्रिएटिनिन १.१ असलेला माणूस घ्या. लॅबच्या कागदावर सगळं नॉर्मल, पण आकडा येतो ४७. काटक अंगकाठीच्या म्हाताऱ्यांचं हे नेहमीचं. गाठीमुळे मूत्रवाहिनी दबली असेल तर स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून हा आकडा सुधारूही शकतो. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक घेत असाल तर ते मात्र आधी सांगून टाका, किडनी त्यानेही दबते.

तिसरं, उपचार आधीच सुरू झालेले असणं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला दिसला की जवळच्या डॉक्टरांनी पुरुषी हॉर्मोन दाबणारं इंजेक्शन देणं किंवा अंडकोष काढणं यात काही चूक नाही, पण काही ट्रायलना कोणताही हॉर्मोन उपचार न झालेलाच रुग्ण हवा असतो. वेळ असेल तर आधी चौकशी करावी. पायातलं बळ जायला लागलं, लघवी अडली, किडनी फुगली, तर ट्रायलसाठी एक दिवसही थांबू नये. मणक्याची नस दबून पाय गेले तर ते परत मिळवणं फार कठीण.

वर्षभराचं गणित

कागदातल्या ज्या पानावर भेटींचा तक्ता असतो ते पान आपल्याकडच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. 'दर २१ दिवसांनी, तीन दिवस पुढेमागे' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ठरल्या खिडकीत पोचायचंच. आता ते पंचांगावर मांडून बघा. आषाढ-श्रावणात रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने रेंगाळत धावते, दरड पडली की घाट बंद. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून येणारी आणि नंतर मुंबईला जाणारी प्रत्येक गाडी भरलेली. म्हणून सही करण्याआधी ट्रायलच्या समन्वयकाकडून वर्षभराच्या तारखा लिहून मागा आणि विचारा: मधल्या रक्ततपासण्या गावच्या लॅबमध्ये चालतील का? औषध कंपनीच्या ट्रायलमध्ये नमुने बहुधा एकाच मध्यवर्ती लॅबला जातात, तिथे सवलत मिळत नाही. रुग्णालयाने स्वतः आखलेल्या ट्रायलमध्ये कधीकधी मिळते. पीएसए मात्र शक्य तो एकाच लॅबमध्ये करा. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या तर आकडे ताडून काही कळत नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण माफ. त्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. अ‍ॅक्ट्रेकला जाणाऱ्याने दादरपर्यंत जायची गरज नाही, पनवेलला उतरून लोकलने खारघर जवळ पडतं.

गोळी कशी घ्यायची याचे नियम चोचले वाटतात, पण त्यामागे गणित असतं. अ‍ॅबिरॅटेरॉन ही प्रोस्टेटची गोळी उपाशीपोटी घ्यायची: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. अन्नाबरोबर, त्यातून तेलकट-तुपकट असेल तर, तिचं शोषण कित्येक पटींनी वाढतं. याच गुणाचा उपयोग करून २०१८ मध्ये ७२ रुग्णांवर एक छोटी ट्रायल झाली. उपाशीपोटी १,००० मिलिग्रॅमऐवजी कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर २५० मिलिग्रॅम दिलं आणि पीएसएवरचा परिणाम कमी पडला नाही. खर्च पाव झाला. पण 'कमी चरबीचा नाश्ता' म्हणजे पेज-लोणचं. नारळाच्या रसातले शिरवाळे त्यात बसत नाहीत. डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

किडनीच्या कॅन्सरवरच्या कॅबोझँटिनिब, अ‍ॅक्सिटिनिब यांसारख्या गोळ्यांच्या कागदात 'ग्रेपफ्रूट खाऊ नये' असं असतं. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातो, म्हणून ते पान उलटलं जातं. गणपतीच्या सुमारास परसात पिकणारं पपनस त्याच घराण्यातलं आहे. या फळांतली द्रव्यं आतड्यातलं, औषध मोडणारं एन्झाइम अडवतात, औषध रक्तात साचतं आणि रक्तदाब, जुलाब, तळपायाची सोलवटणारी कातडी हे त्रास वाढतात. मग डॉक्टर डोस कमी करतात आणि दोष औषधाच्या नावावर जमा होतो. झाडपाल्याच्या काढ्यांचंही तेच. घेत असाल तर लपवू नका, ट्रायलमधून काढतील या भीतीने तर अजिबात नको.

डायरीत गोळी घेतल्याची वेळ लिहायची, चुकली तर चुकली असं लिहायचं, उलटीत पडली तर विचारल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या. त्या मोजतात. खोट्या नोंदीने तुमचंच नुकसान होतं, कारण औषध लागू पडत नाही असं समजून ते बदललं जाईल.

सगळ्यात धोक्याची वेळ भातलावणीच्या दिवसांत येते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १०१ ताप आला तर गावात त्याला पावसाळी ताप म्हणून पॅरासिटॅमॉल मिळतं, फार तर लेप्टो-मलेरियाची तपासणी. ती करायला हरकत नाही, पण त्याच दिवशी रक्तातल्या पेशींची मोजणी हवीच. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असतील तर भरती करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायला एक रात्रही उशीर चालत नाही. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध, चालू असेल तर जुलाबाचं कारण आतड्याची प्रतिकारशक्तीच उलटणं हे असू शकतं, तिथे स्टेरॉइड लागतं. आणि हा त्रास इम्युनोथेरपीची इंजेक्शनं संपल्यावर महिन्यांनीही होऊ शकतो. म्हणून ट्रायलचं कार्ड पाकिटात ठेवा. त्यावरचा चोवीस तासांचा नंबर गावच्या डॉक्टरांना आधीच देऊन ठेवा, आणि सलाइन लावायच्या आत एक फोन करायला सांगा.

कागद, पैसे, हक्क

भारतातल्या प्रत्येक औषध-ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत हवी. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. संकेतस्थळ सगळ्यांसाठी खुलं आहे. गठ्ठ्यावरचा सीटीआरआय नंबर तिथे टाकला की कोणाचा पैसा, किती केंद्रं, कोण बसतं, काय मोजणार, भरती चालू आहे की बंद, सगळं दिसतं. पान इंग्रजीत आहे, कॉलेजात जाणाऱ्या नातवाला बसवा. नंबरच नसेल तर तिथेच थांबा.

२०१९ च्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं, आणि वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सही केलेल्या कागदाची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. त्यात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं बघून बायकामाणसं दचकतात. ते नुकसानभरपाईसाठी असतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि मृत्यू झाला तर भरपाई, ही रक्कम सूत्राने ठरते. आठ लाखांचा आधार, त्याला वयाचा आणि रोगाच्या गंभीरतेचा गुणक. ६५ वर्षांवरच्या रुग्णात वयाचा गुणक रक्कम वाढवत नाही, म्हणून आयुष्य सहा महिन्यांहून कमी धरलेल्या रुग्णासाठी ती चार लाख येते, मध्यम धोक्याच्या रुग्णासाठी सोळा लाख. मात्र मृत्यू मूळ रोगाने झाला तर हे लागू नाही.

खर्चाबाबत मोघम 'सगळं फुकट' यावर विसंबू नका. ओळीओळीने विचारा: ट्रायलचं औषध, जोडीचं नेहमीचं औषध, सीटी स्कॅन, बोन स्कॅन, त्रास झाल्यावरची भरती, प्रवास. कंपनीच्या ट्रायलमध्ये यातलं बरंच कंपनी देते. रुग्णालयाच्या ट्रायलमध्ये नेहमीच्या उपचाराचा खर्च तुमच्याकडे किंवा महात्मा फुले योजनेकडे जाऊ शकतो.

मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं आणि त्यामुळे त्या रुग्णालयातले नेहमीचे उपचार थांबत नाहीत. पण फोन बंद करून गायब होऊ नका. काही गोळ्या एकदम थांबवता येत नाहीत. अ‍ॅबिरॅटेरॉनसोबतचं प्रेडनिसोलोन त्यातलंच, अचानक तोडलं तर रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. जाऊन सांगा, कोणतं औषध किती दिवस घेतलं त्याचा सारांश लिहून मागा, पुढच्या डॉक्टरला तोच लागतो. आणि औषध लागू पडत असताना ट्रायलच संपली तर ते पुढे कोण देणार, किती दिवस, हे सही करायच्या दिवशीच विचारून ठेवा. उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.